बाहेरची बाधा आणि घरातले माणूस

मुंबईत लहानाचे मोठे झालेल्या माणसाला ‘याला ठाण्याला पाठवायला हवे’ या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पुण्याकडे हेच काम येरवडा करतो. नाक्यावर, कचेरीत, लग्नघरी हा विनोद आपण किती सहज करतो! पण ज्या घरातून खरोखरच कोणाला तरी ठाण्याला न्यावे लागले, त्या घरात हा विनोद कोणी करीत नाही. तिथे ठाण्याचे नावच निघत नाही. कोणी विचारलेच तर उत्तर ठरलेले असते : ‘तो हल्ली गावी असतो.’

आमच्या घोडपदेवच्या चाळीत असे एक घर होते. त्या घराची हकीगत मी पुष्कळ वर्षे कोणाला सांगितली नाही. आज सांगतो आहे, ती त्या घरातल्या काकींच्या परवानगीने. नावे मात्र कोणाचीच देत नाही.

घोडपदेव ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. एका अंगाला भायखळा, दुसऱ्या अंगाला रे रोडच्या वखारी आणि गोदी, उत्तरेला कॉटन ग्रीन. मधोमध गिरण्या, चाळी आणि त्यांत दाटीवाटीने राहणारा कोकणातला व घाटावरचा कामकरी माणूस. एकेका खोलीत दहा-दहा, बारा-बारा गडी. पहिल्या पाळीचा उठला की तिसऱ्या पाळीचा त्याच वळकटीवर आडवा व्हायचा. जेवण खानावळीत, पगाराची मनिऑर्डर गावी, आणि शिमग्याला व गणपतीला कसेही करून गाव गाठायचे. माणूस मुंबईत राहत होता, पण त्याचा देव, त्याचा गुरव, त्याचा भगत आणि त्याची भीती, सारे गावाकडेच होते.

‘माग माझ्याशी बोलतात’

काकी खानावळ चालवीत. त्यांचे यजमान गिरणीत जॉबर होते. त्यांनी आपल्या धाकट्या भावाला रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावाहून आणून विणाई खात्यात बदलीवर लावून दिले. ही १९७१ सालची गोष्ट. पोरगा एकोणीस वर्षांचा, अंगाने सडसडीत, आवाज गोड. भजनात चकवा म्हणायला उभा राहिला की गॅलरीतल्या बायका कामे टाकून ऐकत. आम्ही मुले त्याला काकाच म्हणत असू.

पाच वर्षांनी काकाचे काहीतरी बिघडले. आधी झोप गेली. मग जेवताना तो ताटाकडे संशयाने बघू लागला. भजन सुटले, अंघोळ सुटली. एका रात्री पाळीवरून परत येऊन तो काकींना हळूच म्हणाला, “वहिनी, माग माझ्याशी बोलतात. माझं नाव घेऊन शिव्या देतात.” काकी हसल्या. त्यांना वाटले, दिवसभर खडखडाट ऐकून पोराच्या कानांत आवाज राहिला असेल. पण सुट्टीच्या दिवशीही, गिरणीपासून दूर, आवाज चालूच होते.

मग चाळ जागी झाली. कोणी म्हणाले, तिन्हीसांजेला गोदीच्या वाटेवर काहीतरी ओलांडले असेल. कोणी म्हणाले, बदलीची नोकरी कायम होणार होती, जळणाऱ्याने करणी केली. कोणी मुंजाचे नाव घेतले, कोणी गावच्या देवाची चूक काढली. लिंबू उतरले, नारळ ओवाळला, माहीमच्या दर्ग्यावर चादर चढली. शेवटी भावाने रजा काढली आणि काकाला घेऊन एस. टी. ने गाव गाठले. गुरवाने देवाला कौल लावला. भगताने महिनाभर अंगारे-धुपारे केले, आणि एका रात्री बाधा बोलती करण्यासाठी काकाला खांबाला बांधून मिरचीची धुरी दिली. काकाच्या मनगटावरचे दोराचे वळ पुढे कित्येक वर्षे दिसत.

गंमत पहा. ज्या रत्नागिरीवरून ती एस. टी. गेली, त्या रत्नागिरीत १८८६ सालापासून मनोरुग्णांचे इस्पितळ आहे. जाताना-येताना दोन्ही वेळा हे कुटुंब त्या गावावरून गेले. उतरण्याचे मात्र कोणाच्या मनात आले नाही.

भगताकडे पावले का वळतात?

आपण शिकलेली माणसे अशा वेळी चटकन म्हणतो, ‘काय ही अडाणी माणसे!’ पण जरा थांबून विचार केला पाहिजे. ‘बाहेरची बाधा’ या शब्दात केवढा दिलासा आहे! जे झाले ते बाहेरून आले. आमच्या माणसात खोट नाही, आमच्या रक्तात खोट नाही, आणि जे बाहेरून आले ते बाहेर काढताही येईल. भगत रुग्णाला वेडा म्हणत नाही. तो सगळ्या घराला समोर बसवतो, ऐकून घेतो, काहीतरी करायला सांगतो. डॉक्टरांच्या रांगेत दोन तास उभे राहून दोन मिनिटांत बाहेर पडणाऱ्या माणसाला हे फार मोठे वाटते.

परमुलखात आलेल्या माणसाला तर ते अधिकच मोठे वाटते. नॉर्वेतील एक मानसतज्ज्ञ ओडेगॉर यांनी १९३२ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात स्थायिक झालेल्या नॉर्वेजियन लोकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मायदेशी राहिलेल्यांपेक्षा परदेशी गेलेल्यांत स्किझोफ्रेनियाचे, म्हणजे छिन्नमनस्कतेचे, प्रमाण अधिक आढळले. पुढे अनेक देशांतल्या स्थलांतरितांविषयी असेच दिसून आले. मूळ तुटते, बोली तुटते, ओळखीचा चेहरा दिसत नाही, अपमान गिळावा लागतो. ज्याचे मन आधीच नाजूक असेल त्याला हा ताण पेलत नाही.

आणि हे काही आपल्या कोकण-घाटापुरते आहे असे समजू नका. अमेरिकेत डेट्रॉईट शहरालगत डिअरबॉर्न नावाचे गाव आहे. फोर्डच्या मोटारींचा प्रचंड कारखाना तिथे उभा राहिला आणि त्याच्या आश्रयाने लेबनॉन, येमेन, इराक इथून आलेल्या अरब कुटुंबांची मोठी वस्ती झाली. आपली गिरणी, त्यांचा मोटारींचा कारखाना, गोष्ट तीच. अरब स्थलांतरितांविषयी मानसतज्ज्ञांनी जे लिहिले आहे ते वाचताना घोडपदेवच्या गॅलरीत उभे असल्यासारखे वाटते. मन उदास आहे असे तिथला माणूस सहसा म्हणत नाही. छाती दडपते, डोके दुखते, अंग गळून जाते, असे म्हणतो. दुखणे वाढले की कोणी नजर लागली म्हणतात, कोणी जिन्नाने धरले म्हणतात. आधी घरातली वडीलधारी मंडळी, मग मशिदीतले इमाम, आणि डॉक्टर अगदी शेवटी. कारण एकच : बाहेर कळले तर घराण्याचे नाव जाईल, बहिणींची लग्ने अडतील.

आपण ज्याला मजनू म्हणतो तो शब्दही तिथलाच. अरबीत ‘मजनून’ म्हणजे वेडा. मूळ अर्थाने, जिन्नाने पछाडलेला. वेड आणि जिन्न एकाच शब्दात नांदतात. पण त्याच अरब जगात कैरो येथे १२८४ साली सुलतान कलावून याने बांधलेल्या इस्पितळात मनोरुग्णांसाठी निराळी जागा होती, हेही विसरता कामा नये. श्रद्धा आणि इस्पितळ शेजारी-शेजारी राहू शकतात, हे त्यांना सातशे वर्षांपूर्वी ठाऊक होते.

ठाण्याची भीती

ठाण्याला लोक भितात, ते अगदी उगाच नव्हे. मुंबईचे जुने वेड्यांचे इस्पितळ कुलाब्याला होते. ठाण्याचे इस्पितळ १९०१ साली सुरू झाले. तेव्हाच्या कल्पनेप्रमाणे वेड्याला शहराबाहेर, भिंतीआड ठेवायचे. १९१२ च्या कायद्याने वेड्याच्या इस्पितळात माणूस जायचा तो बहुधा मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने. वाटेत पोलीसही असायचे. ज्या घरातला माणूस असा जाई त्या घराला तो गुन्हेगारासारखा गेला असे वाटे. शिवाय तेव्हा औषध असे नव्हतेच. आत गेलेला परत येईल याचा भरवसा नसे. ‘ठाण्याला गेला’ याचा अर्थ ‘गेला’ असाच होई.

चित्र पालटले ते १९५२ नंतर. त्या वर्षी पॅरिसमध्ये डिले आणि डेनिकर या दोन डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांना देऊन पाहिले. आवाज ऐकणारे, भिंतीशी भांडणारे रुग्ण शांत होऊ लागले, घरी जाऊ लागले. आपल्याकडेही वाट अगदीच अंधारी नव्हती. सर्पगंधेची मुळी वेडावर देण्याची रीत आपल्या वैद्यांत जुनीच होती, आणि गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली तिच्या गुणांवर लेख प्रसिद्ध करून डॉक्टरांचे लक्ष तिच्याकडे वेधले होते. पुढे तिच्यातूनच रेसर्पिन हे औषध निघाले.

दुसरा पालट औषधाचा नव्हता, माणुसकीचा होता. अमृतसरच्या मनोरुग्णालयातील डॉ. विद्यासागर यांनी १९५०च्या दशकात आवारात तंबू ठोकले आणि रुग्णांच्या नातेवाईकांना तिथेच राहायला बोलावले. आई मुलाला भरवी, भाऊ भावाशेजारी झोपे. रुग्ण लवकर सुधारले, आणि नातेवाईकही आजार समजून घेऊन घरी गेले. ज्या देशात माणूस एकटा आजारी पडत नाही, सारे घर आजारी पडते, त्या देशाला शोभणारा हा उपाय होता.

कायदाही बदलला. १९१२ चा कायदा जाऊन १९८७ चा आला, आणि तो जाऊन २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आला. मानसिक उपचार मिळणे हा आता प्रत्येकाचा हक्क आहे. रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई आहे. विमा कंपन्यांनी मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराप्रमाणेच वागवावे, असेही त्यात सांगितले आहे.

दोन वर्षांचे मोल

काकाकडे वळू. गावाहून परतल्यावर त्याला खोलीच्या पडदी मागे ठेवण्यात आले. चाळीला सांगितले, ‘तो गावी आहे.’ आम्ही मुले त्याचा खोकला भिंतीतून ऐकत होतो, आणि मोठी माणसे सांगत, ‘गावी आहे.’ अशी दोन वर्षे गेली. मनाच्या अशा आजारात उपचाराला जितका उशीर तितके पुढचे सावरणे कठीण, असे आज डॉक्टर सांगतात. त्या दोन वर्षांत काकाचे किती गेले याचा हिशेब कोण देणार?

सुटका झाली ती साध्याच गोष्टीने. काकींना ताप आला म्हणून कामगार विम्याच्या दवाखान्यातले डॉक्टर घरी आले. पडदीमागची कुजबुज त्यांनी ऐकली. त्यांनी काही न विचारता पडदी सारली, काकाजवळ जमिनीवर बसले आणि म्हणाले, “आवाज फार त्रास देतात का?” दोन वर्षांत त्या आवाजांची चौकशी आपुलकीने कोणीच केली नव्हती. काका ढसढसा रडला.

त्याच आठवड्यात काकाला म्युनिसिपालिटीच्या इस्पितळातील मानसोपचार विभागात नेले. काकींनी धीर करून विचारले, “डॉक्टर, देवाचं करायचं की सोडायचं?” तिथले डॉक्टर म्हणाले, “देव सोडा असं मी का म्हणू? नारळ द्या, नवस बोला. पण गोळी चुकवू नका, आणि याला कोणाला मारू देऊ नका.”

सहा महिन्यांत आवाज मंदावले. हात थरथरत, अंग जड होई, पण काका पुन्हा अंघोळ करू लागला, जेवू लागला. मग जे बहुतेक घरांत होते तेच झाले : बरे वाटले म्हणून गोळ्या सुटल्या, आणि १९८० साली आजार उलटला. तेव्हापासून काकींनी गोळ्यांचा डबा देव्हाऱ्यात ठेवला. सकाळी दिवा लागला की गोळी.

१९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला आणि अडीच लाख कामगारांबरोबर काकाचीही गिरणी सुटली. पण त्याला खानावळीत काम होते. तांदूळ निवडणे, डबे पोचवणे, हिशेबाच्या वहीत उभ्या रेघा ओढणे. काम लहान, पण रोजचे, आणि आपल्या माणसांतले. गोळीच्या खालोखाल यानेच त्याला सावरले, असे काकी म्हणतात.

भगत, कायदा आणि दवाखाना

तमिळनाडूत एरवाडी येथे दर्ग्याच्या परिसरातल्या एका खाजगी आसऱ्यात मनोरुग्णांना साखळीने बांधून ठेवीत. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे तिथे आग लागली, आणि साखळ्या सोडवता न आल्यामुळे वीसहून अधिक जीव जागच्या जागी होरपळून गेले. सारा देश हादरला. आपल्या राज्यात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी वर्षानुवर्षे झगडा दिला, आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात त्यांचा खून झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा आता गुन्हा आहे. काकाच्या मनगटावरचे वळ आज कोर्टात पुरावा ठरले असते.

पण कायदा मारहाण थांबवील. भीती थांबवायला दुसरे काही लागते. गुजरातेत उनावा येथे मीरा दातार यांचा दर्गा आहे. महाराष्ट्रातूनही बाधा झालेली माणसे तिथे नेतात. तिथे २००८ साली ‘दवा आणि दुआ’ असा उपक्रम सुरू झाला. दर्ग्यातच मानसोपचारतज्ज्ञ बसू लागले. मुजावरांना आजाराची लक्षणे शिकवली. आलेल्या माणसासाठी मुजावर दुआ मागतो आणि सांगतो, ‘आता त्या खोलीतल्या डॉक्टरांनाही भेट.’ ज्याच्या शब्दावर विश्वास आहे त्यानेच सांगितल्यावर माणूस ऐकतो. आपल्या गावोगावच्या देवस्थानांनी हे मनावर घेतले तर किती घरे वाचतील!

सोयरिकीचा प्रश्न

आता खऱ्या गाठीकडे येऊ. भूत-पिशाच्च न मानणारी, शिकलेली, ब्लॉकमध्ये राहणारी कुटुंबेही हा आजार लपवतात. कारण भगत नव्हे, सोयरीक. ‘मुलीचे लग्न व्हायचे आहे’, या एका वाक्यापायी कित्येक माणसे औषधावाचून राहतात. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या देशव्यापी पाहणीत दर दहा प्रौढांपैकी सुमारे एकाला काही ना काही मानसिक आजार असल्याचे दिसले, आणि आजार कोणताही असो, बहुसंख्य रुग्णांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. दहांत एक म्हणजे चाळीच्या प्रत्येक मजल्यावर दोन-तीन माणसे! मग कोण कोणापासून लपवतो आहे?

काकींच्या मुलीचे लग्न १९९६ साली ठरत होते. मुलाकडची मंडळी बघायला यायची होती. भावकीतल्या सगळ्यांनी एकमुखाने सांगितले, ‘चार दिवस त्याला गावी पाठवा.’ काकी रात्रभर जाग्या होत्या. सकाळी त्यांनी काकाला नवा सदरा घालायला दिला. पाहुणे आले, पोहे झाले. काकींनी पदर सावरला आणि मुलाच्या आईला सांगितले, “हे माझे भाऊजी. यांना मनाचा आजार आहे. अठरा वर्षं औषध चालू आहे. आमच्या घरात हे असेच राहणार. लग्नात अक्षताही हेच वाटणार. पटत असेल तर पुढं बोलू.”

खोलीत कोणी बोलेना. माझी आई तिथे होती. ती सांगते, पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मुलाच्या आईने बशी खाली ठेवली, डोळ्याला पदर लावला आणि विचारले, “कोणत्या डॉक्टरांकडं जाता तुम्ही? आमच्या थोरल्या जाऊबाईंना दाखवायचंय. आम्ही सगळ्यांना सांगतो, त्या माहेरी असतात.”

लग्न झाले. अक्षता काकानेच वाटल्या.

आपण काय करावे?

असे धैर्य पुढे अनेकांनी दाखवले. कॅनडात कॅलगरी येथे स्थायिक झालेले प्राध्यापक डॉ. जगन्नाथ वाणी यांनी आपल्या घरातला स्किझोफ्रेनिया लपवला नाही. त्यांच्या पुढाकाराने पुण्यात रुग्णांसाठी व कुटुंबांसाठी संस्था उभी राहिली, आणि याच विषयावरचा ‘देवराई’ हा चित्रपट २००४ साली घरोघरी पोचला.

आपण एवढे तरी लक्षात ठेवावे. झोप उडणे, माणसांतून उठणे, विनाकारण संशय, नसलेले आवाज, आठवडेच्या आठवडे न जाणारी उदासी, जिवावर उदार झाल्याचे बोलणे, यांपैकी काही दिसले तर वाट पाहू नये. मोठ्या सरकारी व म्युनिसिपल इस्पितळांत मानसोपचार विभाग आहेत. २०२२ पासून सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवला की मराठीतही बोलता येते. औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. देवाला नारळ खुशाल द्यावा, मात्र माणसाला बांधू नये, मारू नये, आणि पडदीमागे ठेवू नये.

घोडपदेव आता ओळखू येत नाही. गिरण्यांच्या जागी उंच इमारती आल्या, न्यू हिंद मिलच्या जागेवर गिरणी कामगारांना घरे मिळाली. काकाने सत्तरी ओलांडली आहे. आवाज क्वचित येतात. ‘आले तर येऊ देत, जातात आपोआप’, असे तो म्हणतो. काकी थकल्या, पण देव्हाऱ्यातला गोळ्यांचा डबा जागचा हललेला नाही.

या दिवाळीत आपण शेजारी फराळाची ताटे पाठवाल. आपल्या मजल्यावर एखादे दार नेहमी लोटलेले असेल, आतले कोणीतरी ‘गावी’ असेल. त्या दारावरही थाप मारा. ताट घरातल्या माणसाच्या हाती द्या, आणि जमले तर आतल्या माणसाची त्याच्या नावाने चौकशी करा.